रकाना सरकला तर?

एकाच ऑफिसात, एकाच टेबलाशी चार-पाच वर्षं बसलं की किस्से आपोआप साठतात. फ्रिजच्या दारात केचपच्या पुड्या साठतात ना, तसे. कोणी मुद्दाम जमवत नाही, कोणाला फेकवत नाहीत, आणि एक दिवस दार जरा जोरात उघडलं की सगळ्या अंगावर! परवा जुन्या मैत्रिणी भेटल्या तेव्हा माझं असंच झालं. एक सांगायला गेले आणि सगळेच बाहेर आले.

आमचं ऑफिस सॉफ्टवेअरचं, महापे एमआयडीसीत, रबरी वॉशर बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. बाहेरच्या माणसाला आत आल्याबरोबर जळक्या रबराचा वास येतो. आम्हाला तो रविवारी येत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं.

मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामावर संशय घ्यायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी हेच केलं की भांडणं होतात, इथं इन्क्रिमेंट मिळतं!

आमच्याकडे नेरूळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आलं होतं. लॅबमधलं मशीन रक्त तपासतं आणि निकाल एका लांबलचक ओळीत पाठवतं. नाव, वय, वजन, हिमोग्लोबिन, ईएसआर, साखर, सगळं एकापाठोपाठ, आणि दोन गोष्टींच्या मध्ये एक उभी रेघ. त्या रेघांवर ओळ कापायची आणि एकेक तुकडा रिपोर्टच्या ज्याच्या त्याच्या रकान्यात नेऊन ठेवायचा, एवढंच आमच्या प्रोग्रॅमचं काम. जावात, म्हणजे आम्ही प्रोग्रॅम लिहितो त्या भाषेत, याला स्प्लिट म्हणतात. कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. सगळे म्हणाले, "हॅ, स्प्लिट तर करायचंय!"

करायचं स्प्लिटच होतं. पण एक रकाना इकडचा तिकडे सरकला, तर धडधाकट माणूस आजारी ठरणार आणि आजारी माणूस खुशाल घरी जाणार. ही धास्ती आम्हा सगळ्यांनाच होती, पण आमचे टीम लीड शिर्के सर यांना जरा जास्त होती. त्यांच्या मिसेस, म्हणजे सुनंदा वहिनी, यांच्या पायांवर सूज येत होती. वहिनींच्या आईची किडनी गेली होती, मग थोरल्या बहिणीची. डॉक्टरांनी महिनाभराचं औषध दिलं होतं आणि नंतर रक्त तपासायला सांगितलं होतं. घराजवळची लॅब एकच. तीच, आमची.

म्हणजे वहिनींच्या किडनीचा निकाल सरांच्याच प्रोग्रॅममधून छापून येणार होता.

|

पहिलं स्प्लिट लिहिलं प्रणयनं. प्रणय घणसोली गावातला, कामाला वाघ, पण कधीही विचारा, "झालाच हाय" हे एकच उत्तर.

त्या दिवशीही झालंच होतं. मी तपासायला म्हणून एक खोटी पेशंट तयार केली. नाव सुचेना, म्हणून सासूबाईंचं टाकलं, तेही मराठीत. सुमती. वय सत्तर. आणि बटण दाबलं.

रिपोर्ट आला. नावाच्या रकान्यात नुसता 'स'. वयाच्या रकान्यात नुसता उकार. वजन 'म'!

शिर्के सर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"बाईंचं वय काय?"

"उकार, सर."

झालं होतं असं की जावाचं स्प्लिट साध्या चिन्हाला साधं चिन्ह समजत नाही. उभ्या रेघेचा त्याच्या लेखी अर्थ 'हे किंवा ते'. आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना काहीच नसेल तर ते बिचारं दिसेल तिथे कापत सुटतं, अक्षर न् अक्षर! रेघेच्या आधी दोन तिरक्या रेघा मारल्या की मग त्याला कळतं, की बाबा, इथं खरोखरची रेघच म्हणायचंय.

"दोन तिरक्या मारल्या का गप बसतंय, सर," प्रणय म्हणाला. "आमचे मास्तर पन दोनच मारायचे."

हसलो सगळे. पण त्याच संध्याकाळी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. फार लागलं नाही, मनगट मुरगळलं एवढंच. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं. इंजिनियर असलो म्हणून काय झालं! तेव्हापासून आमच्याकडे कायदा झाला, की टेस्टच्या पेशंटला घरच्या माणसाचं नाव द्यायचं नाही. सरांनी तो कायदा स्वतः फळ्यावर लिहिला आणि खाली दोनदा अधोरेखित केला.

|

मग डॉक्टर मॅडमना पहिला डेमो द्यायचा दिवस उगवला. लॅब त्यांचीच. बाई अतिशय शांत. इतक्या शांत की समोरच्याला घाम फुटावा.

त्यांना रक्ताचा प्रत्येक आकडा पूर्णांक मोठ्या अक्षरात आणि दशांश लहान अक्षरात हवा होता. म्हणून प्रणयनं आकडा टिंबावर कापला. आणि टिंबाला जावात अर्थ आहे 'कुठलंही अक्षर'! म्हणजे प्रत्येक अक्षर हे कापायची जागा. सगळंच कापून टाकलं, हातात उरलं शून्य.

स्क्रीनवर पेशंटचं नाव आलं, वय आलं, आणि खाली सगळे रकाने पांढरे स्वच्छ.

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. मग अगदी सौम्यपणे विचारलं, "यांच्या रक्तात काहीच नाही का?"

"आहे मॅडम, म्हणजे, असतं," सर म्हणाले.

"नाही, काहीच नसेल तर हे गृहस्थ लॅबपर्यंत चालत कसे आले, एवढंच मला कळत नाहीये."

आम्ही रिक्षानं परत आलो. ऑफिसच्या जिन्यात सर थांबले आणि मला म्हणाले, "माधवी, तुझ्या वहिनींच्या तपासणीला तीन आठवडे राहिलेत." एवढंच. टेन्शन आलं की सर मुद्द्यावरून मुद्द्यावर असे उडी मारतात, मधले शब्द गाळून. मला मात्र बरोबर कळलं.

|

लॅबच्या जुन्या पेशंटांची माहिती आधी एक्सेलमध्ये होती. ती आमच्याकडे आली तेव्हा दोन गोष्टींच्या मध्ये रेघ नव्हती, स्वल्पविराम होता. आपल्या बोलीत कॉमा. ठीक आहे, कॉमावर कापू! कापलं. सोसायटीतल्या लोकांचं सगळं नीट बसलं. ए विंग, चौदाशे दोन, पुढे मोबाइल नंबर. छान.

मग घणसोली गावचे पेशंट आले. पहिल्याच म्हातारीचा पत्ता असा होता: म्हात्रे आळी, मारुतीच्या देवळामागं, पिंपळाजवळ, घणसोली गाव. मोबाइल नंबर जिथे असायला हवा त्या रकान्यात जाऊन बसलं 'पिंपळाजवळ'! आणि आमचा प्रोग्रॅम इमानदारीत पिंपळाला मेसेज पाठवायचा प्रयत्न करत होता, 'आपला रिपोर्ट तयार आहे.'

"हे गाववाले एवढे कॉमे कशाला देतात?" सर वैतागले.

प्रणयला ते झोंबलं. "सर, आमचे गावान कोन नंबर सांगत नाय. घर शोधाला चार कॉमे लागतात. तुमचे टॉवरला एक लिफ्ट बस झाली."

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या आजींचा रिपोर्ट खराब असता, तर त्यांना कसं कळलं असतं?"

प्रणयनं खुर्ची वळवली. त्या दिवशी तो जेवायला उठलाच नाही. गावातले सगळे पत्ते त्यानं एकेक करून हातानं नीट केले. त्यातले निम्मे त्याच्या नात्यातलेच निघाले. एकाचा फोन नंबर सापडेना तर हा आईला फोन लावून ओरडला, "आये, किसनकाकाचा नंबर दे!" खालच्या कारखान्यातला माणूस वर बघायला आला.

|

आता जो किस्सा सांगते, त्याला तेव्हा कोणी हसलं नव्हतं. आम्हाला हसायला वर्ष जावं लागलं.

आमची रूपाली दिघ्याची. कामात टापटीप म्हणजे काय ते तिच्याकडून शिकावं. डबा खाल्ला की टेबल पुसणार, कोड लिहिला की जास्तीची ओळ काढून टाकणार. मशीनकडून येणाऱ्या ओळीत काही रकाने रिकामे असत. पेशंटचं वजन कोणी घेतलंच नाही, तर तिथे दोन रेघा एकमेकींना चिकटून, मध्ये काही नाही. रूपालीनं ते पाहिलं आणि तिला काही करमेना. तिनं स्प्लिट झाल्यावर जेवढे तुकडे रिकामे होते तेवढे झाडून काढून टाकले.

एक रिकामा काढला, की मागचे सगळे एकेक घर पुढे!

मी एका बाईची ओळ टाकून बघितली. वजन रिकामं. हिमोग्लोबिन सात, म्हणजे बाई उभी राहिली तर चक्कर येऊन पडेल. त्याच्या पुढचा आकडा ईएसआर, म्हणजे रक्तपेशी किती वेगानं खाली बसतात ते, तो बारा. रिपोर्टमध्ये आलं: वजन सात किलो, हिमोग्लोबिन बारा.

मी आधी वजनाला हसले. सात किलोची बाई! मग माझं लक्ष बाराकडे गेलं. वजन रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं जातं, ते कोण वाचतंय! बारा मात्र ठळक. आणि बारा हा काय सुंदर आकडा होता. कुठल्याही डॉक्टरनं बघावा आणि "मस्त!" म्हणून त्या बाईला घरी पाठवावं.

चुकीचा आकडा वेडावाकडा असला की बरा, तो सापडतो. हा शोभून दिसत होता.

रूपालीचा चेहरा उतरला. "आम्ही एका खोलीत सहा जणं वाढलो, मॅडम," ती म्हणाली. "रिकामी जागा म्हणजे काय ते मला माहीतच नाही. दिसली की आमच्याकडे तिथं गादी पडते."

सर रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, नुसते फळ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि फळ्याकडेच बघत म्हणाले, "आणखी काय काय शोभून दिसत असंल आपल्याकडं?"

असंल! सर साताऱ्याचे आहेत. एरवी बोलतात आमच्यासारखंच, पण जीव घाबरा झाला की गावाकडं जातात.

रूपालीनं त्याच दिवशी सगळ्या रिकाम्या जागा परत जागेवर बसवल्या. मी त्या चारदा तपासल्या. सरांनी त्यानंतर परत तपासल्या.

|

लॅबमध्ये आमचा प्रोग्रॅम सुरू झाला. पहिले दोन दिवस आम्ही आळीपाळीनं देवाचं नाव घेत काढले. तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅम मध्येच आडवा पडायला लागला.

ओळीच्या अगदी शेवटी शेऱ्याचा रकाना होता. पहिले दोन दिवस लॅबवाले तो भरत होते, मग कंटाळून रिकामाच ठेवायला लागले. जावाची खोड अशी, की मधले रिकामे तुकडे ते ठेवतं, शेवटचे गुपचूप टाकून देतं. त्यामुळे प्रोग्रॅम शेवटचा रकाना शोधायला जायचा, तिथे काही सापडायचं नाही, आणि मटकन बसायचा. स्प्लिटला 'उणे एक' असं जास्तीचं सांगितलं की ते शेवटचेही ठेवतं. पण बदल करायचा तर तो आधी मी तपासणार, मग लॅबमध्ये चढवणार, त्याला दुसरा दिवस उजाडणार. तोवर काय?

सरांनी लॅबच्या टेक्निशियनला फोन केला, "आजच्या दिवस शेऱ्यात काहीही लिहा हो, रिकामं ठेवू नका."

त्यानं लिहिलं 'ओके'. सगळ्यांना ओके. साखर वाढलेल्याला ओके, कावीळवाल्याला ओके. दुपारपर्यंत सगळं सुरळीत.

संध्याकाळी मॅडमचा फोन. "शिरवण्याचे एक आजोबा माझ्यासमोर बसले आहेत. ते उठत नाहीत."

आजोबांच्या शेऱ्यात टेक्निशियननं लिहिलं होतं, 'सँपल थोडं कमी'. साधी गोष्ट. पण आजोबांनी बाकावर शेजारच्या तिघांचे रिपोर्ट पाहिले होते. तिघांनाही ओके!

मॅडमनी फोन आजोबांना दिला. "काय रं पोरा," पलीकडून आवाज आला, "सगल्याना ओके दिलास, मनाच का नाय? काय झालाय मना, सांग खरा खरा. मी घाबरत नाय."

आवाज चांगलाच घाबरलेला होता. सरांनी त्यांना खूप समजावलं. सॉफ्टवेअर, शेवटचा रकाना, तात्पुरती सोय. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ता सगला ऱ्हाऊं दे. मना ओके दे."

शेवटी मॅडमनी स्वतःच्या पेनानं रिपोर्टवर ओके लिहिलं आणि खाली सही केली. आजोबा उठले. जाताना म्हणे टेक्निशियनच्या पाठीवर हात ठेवून गेले.

|

मग वहिनींची तपासणी दोन दिवसांवर आली.

सरांनी घरी हळूच पिल्लू सोडलं होतं, की आपण वाशीच्या दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ, जरा लांब आहे पण चांगली आहे म्हणतात. आम्हाला हे कळलं ते जेवणाच्या सुट्टीत. सरांचे हात भाकरीत, म्हणून त्यांनी वहिनींचा फोन स्पीकरवर टाकला होता.

"काय वो," वहिनी म्हणाल्या, "तुमचं ते सॉफ्टवेअर सगळ्या नेरूळला चालतंय, मग मलाच का न्हाई चालत?"

आमचे घास हातात राहिले. रूपाली तिच्या डब्यात बघायला लागली.

"तसं न्हाई गं..."

"मग कसं?"

शेवटी वहिनी आमच्याच लॅबमध्ये गेल्या.

रिपोर्ट त्याच दिवशी दुपारी आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा तो मुख्य आकडा, शून्य पूर्णांक आठ. एकदम नॉर्मल! प्रणयनं टेबलावर तबला वाजवला. मी सरांचं अभिनंदन करायला वळले, तर सर मशीनची मूळ ओळ प्रिंट काढून पेन्सिलीनं एकेका रेघेवर टिंब देत बसले होते.

"शोभून दिसतंय," ते पुटपुटले.

"सर, नॉर्मल आला तं खुश व्हाचा ना!" प्रणय म्हणाला.

"सूज आहे पायावर. आईची गेली, बहिणीची गेली. आणि हिचं नॉर्मल?" सरांचा आवाज चढला होता. "हिमोग्लोबिनचे साताचे बारा झाले, ते काय दिसायला वाईट होते? सांग की!"

आठवडाभर हेच. डॉक्टरांनी सांगितलं, सूज पायांच्या शिरांमुळे आहे, घाबरू नका. सरांना पटेना. डॉक्टर तरी काय, रिपोर्ट बघूनच बोलणार ना! आणि रिपोर्ट कोणाचा? आमचा. सरांना जेवण जाईना. पुन्हा रक्त दे म्हणून ते वहिनींच्या मागे लागले.

वहिनींनी मलाच फोन केला. "माधवी, ह्यांना सांग, एकदा टोचून घेतलंय, आता परत न्हाई. ह्यांच्या शंकेला रक्तच लागत असंल, तर म्हणावं स्वतःचं द्या!"

मी ते जसंच्या तसं सरांना सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं होतं. सर ताठ बसले.

|

कल्पना वाईट नव्हती. टेस्टिंगमध्ये आम्ही हेच करतो, ज्याचं उत्तर आधीच पक्कं ठाऊक आहे तेच प्रोग्रॅमला विचारतो. धडधाकट माणसाचं रक्त द्यायचं. सगळे आकडे चांगले आले, तर रकाने जागेवर आहेत. एक जरी बिघडला, तर सरकतंय.

"धडधाकट कोण?" रूपालीनं विचारलं.

"मी! मला काय धाड भरलीय?" सर म्हणाले. "कॉलेज सुटल्यापासून डॉक्टरचं तोंड बघितलेलं नाही मी."

मी मॅडमना फोन करून सांगितलं की आमचा एक टेस्ट पेशंट उद्या सकाळी येईल, त्याच्या सगळ्या तपासण्या करा. कोण, काय, ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सर उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आले. नावाच्या जागी लिहिलं 'टेस्ट पेशंट'. कायदा पाळला.

दुपारी आम्ही चौघं एका स्क्रीनसमोर. हिमोग्लोबिन आलं, छान. युरिया छान. क्रिएटिनिन छान. साखर आली, तीनशेच्या वर!

"सरकला!" प्रणय खुर्चीतून उठला. "सर, रकाना सरकला! सापडला!"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. टेस्टरला बग सापडला की होतो तसा. मग मी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे हिचंपण..." एवढंच बोलले.

मी मूळ ओळ काढली. स्क्रीनवर बोट ठेवून एकेक रेघ मोजली. रूपालीनं मोजली. रिकाम्या जागा रिकाम्या होत्या, शेवटचा रकाना होता, दोन तिरक्या रेघा जागच्या जागी. साखरेच्या जागी साखरच होती. मी मॅडमना फोन केला, मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते विचारलं. तोच आकडा. मॅडमनी त्याच रक्ताची साखर पुन्हा लावली. आम्ही वाट बघत बसलो. सर जाऊन फळ्याकडे तोंड करून उभे राहिले होते, खालच्या कारखान्यातलं मशीन तेवढं चालू होतं. पुन्हा तोच आकडा आला.

आता हे सरांना सांगायचं कोणी? प्रणय खाली मान घालून बसला. रूपाली माझ्याकडे बघायला लागली. टेस्टर मी, म्हणजे मीच.

"सर," मी म्हणाले, "रकाने बरोबर आहेत."

"सगळे?"

"सगळे."

"नीट बघितलंस? बग नाही?"

"नाही सर. एकही नाही."

सर फळ्यापासून टेबलाशी आले. आणि मग त्यांनी टेबलावर असा काही हात आपटला, की माझी पाण्याची बाटली आडवी झाली.

"आरं, म्हंजे हिचा रिपोर्ट बरोबर हाय की!"

त्यांनी तिथल्या तिथे वहिनींना फोन लावला. "अगं, तुझा रिपोर्ट बरोबर आहे! शंभर टक्के! मी स्वतः तपासून घेतलाय!" डोळ्यांना पाणी आलं होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. वहिनी पलीकडून काहीतरी बोलत होत्या, ते यांच्या कानात शिरतच नव्हतं. फोन ठेवला आणि कोणी काही बोलायच्या आत जिना उतरून गेले. आले ते पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊनच. आधी आम्हाला, मग हिशेबनीसबाईंना, मग दारावरच्या वॉचमनला. "घ्या घ्या, मिसेसचा रिपोर्ट नॉर्मल आला!" आमच्या हातात पेढे तसेच. तोंडात घालवेनात.

सर बॉक्स घेऊन खालच्या कारखान्याकडे निघाले, तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर मॅडमचा फोन आला. एका हातात बॉक्स, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"शिर्के, तो तुमचा टेस्ट पेशंट कोण आहे?" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच शांत नव्हता. "आहे कुठे तो आत्ता? त्याला आजच्या आज माझ्याकडे पाठवा!"

"पाठवतो मॅडम," सर जिना उतरता उतरता म्हणाले. "आत्ता जरा पेढे वाटतोय. वाटून झाले की येतो."